अकरा खिडक्यांचं घर

“एक कोपरा कापलेली गादी मिळेल?”

मी कापडाच्या ठाणावरून मान वर केली. दुकानाच्या दारात तिशीतला एक मुलगा उभा होता. हातात वर्तमानपत्राचे कागद चिकटवून कापलेला भलामोठा वेडावाकडा आकार.

“कोपरा का कापायचा?”

“तिथे चाक येतं.”

“पलंगाला... चाक?”

“पलंगाला नाही. घराला,” तो म्हणाला आणि असा काही हसला, की मला रागच आला. मार्चचं ऊन, लग्नसराईच्या ऑर्डरी, आमच्या शिवणकाम करणाऱ्या शालूताई सुट्टीवर, आणि हा इथे थट्टा करतोय!

पण ती थट्टा नव्हती. सुदेश खरंच बसमध्ये राहायचा. शाळेची जुनी बस घेऊन त्याने तिचं घर केलं होतं. धंदा पेट्या दुरुस्तीचा. पेट्या म्हणजे हार्मोनियम. देवळांतल्या, शाळांतल्या, गावोगावच्या भजनी मंडळांच्या.

“पेटी एसटीतून हलवत आणली की आणखी बिघडते. त्यापेक्षा मीच जातो,” तो म्हणाला. “ठाण्याला नौपाड्यात खोली होती माझी. पण तिथे माझ्यापेक्षा कुलूपच जास्त राहायचं.”

कागदावर विसंबून गादी शिवायची नाही, हा बाबांचा नियम. त्यांचा गुडघा गेल्यापासून आमचं डोंबिवलीचं गादी-पडद्यांचं दुकान मीच बघत होते. म्हणून रविवारी सकाळी टेप घेऊन स्कूटीवरून टिटवाळ्याला गेले.

नदीकडच्या रस्त्याला, त्याच्या मित्राच्या मोकळ्या जागेत, चिंचेखाली ती निळी बस उभी होती. आत सागाच्या भुशाचा वास. एका बाजूला शेगडी, छोटं बेसिन. दुसऱ्या बाजूला दोन उघड्या पेट्या आणि डब्यांमध्ये ओळीने मांडलेले पितळी सूर, म्हणजे पेटीच्या आतल्या वाजणाऱ्या पट्ट्या. आणि अकरा खिडक्या... पडदा एकीलाही नाही!

“अहो, सगळ्या गावाला तुम्ही आत दिसत असाल!”

“दिसतो ना. परवा एक आजी काच वाजवून म्हणाल्या, बाळा, भाजीत मीठ टाकायला विसरलास.”

मला इतकं हसू आलं, की टेप हातातून सुटून सरसर गुंडाळला गेला. त्याने तो उचलून दिला. बोटांना बोटं लागली, आणि मी चाकावरचं माप तीनदा घेतलं. तिन्ही वेळा वेगळं आलं.

गादीबरोबर पडद्यांचीही ऑर्डर मिळाली. अकरा पडदे म्हणजे माझं दोन दिवसांचं काम. मी सहा रविवार लावले.

“एकदम सगळे का नाही आणत?” तिसऱ्या रविवारी चहा गाळता गाळता त्याने विचारलं.

“कापड संपलं होतं.”

“सगळे एकाच ठाणातले दिसतायत.”

“तुम्हाला कापडातलं काय कळतं हो?”

“काही नाही. पण खोटा सूर लगेच कळतो,” तो म्हणाला. “आणि ते अहोजाहो पुरे आता, कल्पिता.”

मी पडद्याकडे बघत राहिले. कान मात्र गरम झाले होते.

मी पडदे लावायचे, तो सूर घासायचा. एकेक सूर वाजवून कान देऊन ऐकायचा, आणि जमला की मान डोलावून माझ्याकडे बघायचा. जणू मलाही तो ऐकू आलाच असणार. सहाव्या रविवारपर्यंत खरंच ऐकू यायला लागला होता.

त्या दिवशी शेवटचा पडदा होता.

“पंधरा मेला कुडाळला निघायचंय. तिथून पुढे राजापूर...” दांडी धरून तो म्हणाला. मग जरा थांबून... “तू येशील?”

“म्हणजे... फिरायला?”

“राहायला.”

दुकान, बाबा, शालूताई, सगळं डोळ्यांपुढून गेलं. “माझं दुकान आहे, सुदेश.”

“हो,” तो हळूच म्हणाला. “ते आहेच.”

पडदा उलटा लागला होता. दोघांच्याही लक्षात आलं नाही.

नंतर दहा दिवस ना फोन, ना मेसेज. मीही केला नाही. आणि अकराव्या दिवशी एक गृहस्थ बायकोला घेऊन दुकानात आले.

“टिटवाळ्याच्या बसचे पडदे तुम्हीच शिवलेत ना? आम्ही ती बस घेतोय. रंग जरा उजळ हवा होता.”

माझी कात्री कापडातच थांबली. “तो... विकतोय?”

“हो. डोंबिवलीत घर बघतोय म्हणाला. कुणासाठी तरी.”

ते गेल्यावर, कोपऱ्यात बसून सगळं ऐकणाऱ्या बाबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

“कल्पू, सुदेश इथे राहिला तर गावच्या पेट्या चालत येणार आहेत का?”

“मी नाही सांगितलं त्याला विकायला!”

“मग विकू नकोस म्हणून तरी सांगितलंस?” ते म्हणाले. “गुडघा गेलाय माझा, डोकं नाही. शालू आहे, मी आहे. गणपती ते दिवाळी तेवढी तू हवीस. बाकीचे दिवस तू दुकानासाठी थांबतेस की माझ्यासाठी, हे स्वतःला कधी विचारलंस?”

मी स्कूटीची चावी उचलली.

भर दुपारी टिटवाळ्याला पोचले तेव्हा तो पाइप लावून बस धूत होता. मला बघून तसाच उभा राहिला.

“कुणाला विचारून विकतोयस?”

“माझी बस आहे.”

“पडदे माझे आहेत!”

तो हसला नाही. “दुकान सोड असं मी तुला कधीच म्हणणार नाही, कल्पिता. मग मलाच थांबायला हवं ना?”

“थांबलेला सुदेश मला नकोय रे! गावोगावच्या गोष्टी घेऊन येणारा, तो आवडलाय मला...”

बोलून गेले आणि मलाच घाम फुटला. पण आता मागे फिरायचं नव्हतं. “ऐक. पावसात पेट्या फुगतात, सूर लागत नाही, हे तूच सांगितलंस. पावसाळा ते दिवाळी तू डोंबिवलीत राहा. दिवाळीनंतर मी येते तुझ्याबरोबर. जिथे जाशील तिथे.”

“आणि... बाबा?”

“त्यांनीच हाकललंय मला.”

“म्हणजे... तू...”

“म्हणजे हो! अजून कसं सांगू? मला तू आवडतोस.”

पाइप त्याच्या हातातून केव्हाच गळला होता. पाणी आमच्या दोघांच्या पायांवरून वाहत होतं. त्याने माझा हात धरला. त्याचा हात भिजलेला, गार. आणि मी माझा सोडवून घेतला नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडे मघाचेच गृहस्थ. माझा हात न सोडता त्याने फोन कानाला लावला.

“नाही हो काका, भावाचा प्रश्नच नाही. बस द्यायची नाहीये.” मग माझ्याकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाला, “घरात एक माणूस वाढलंय.”