पुणं की कानपूर

स्वारगेटला पौडच्या एस.टी.त लीला चढली, तेव्हा तिच्या हातात छातीइतकी उंच काचेची नळी होती. तिला बसायला जागा मिळाली, पण नळी कुठे ठेवावी हे कळेना.

"द्या हिकडं," दाराशी उभा असलेला एक तरुण म्हणाला. "न्हाई फुटू द्यायचो."

त्यानं नळी भाल्यासारखी उभी धरली. पिरंगुटच्या घाटात गाडी कलली, तोही कलला. नळी मात्र सरळच राहिली. बाहेर भाताची खाचरं ओली चमकत होती.

"आत काय हाय?"

"सध्या नुसती हवा. शाळेत पारा भरला की हवेचा दाब मोजता येईल."

"हवेला वजन असतं?"

"असतं."

"तरीच हात भरून आला."

लीलाला हसू आलं. ते लपवायला ती खिडकीकडे वळली… पण काचेत तो दिसतच होता, आणि त्यालाही ती.

त्याला पिरंगुटलाच उतरायचं होतं, हे तिला पौडला उतरल्यावर कळलं.

"मग उतरला का नाहीत?"

"हवा कुनाच्या हातात देऊ?" तो म्हणाला. "मी जयसिंग. भरे गावचा. खडकीला सरकारी कारखान्यात लेथ चालवतो. तुमच्या वर्गातली पारू माझी पुतनी. ती म्हनती, आमच्या लिलाबाई लई कडक हायेत. कदी हसत न्हाईत."

"ती खोटं बोलत नाही."

"आज बोलली असं धरतो," तो म्हणाला आणि परत जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभा राहिला.

पारूचे वडील तिच्या लहानपणीच गेले होते. आई रंभाबाई आणि हा काका, एवढंच तिचं घर. गणितात पोरीचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. अकरावीनंतर ती पुण्यात मावशीकडे राहून शास्त्र शिकायला लागली. आठवड्याच्या सुट्टीला ती गावी आली की जयसिंग तिला सायकलवर बसवून पौडला लीलाच्या खोलीवर आणायचा. आत दोघी समीकरणं सोडवायच्या, आणि ओट्यावर तो सायकलची चेन साफ करत बसायचा. ती चेन इतकी स्वच्छ असायची की लीलाला एकदा राहवलं नाही.

"रोज साफ करता का हो?"

"न्हाई. फक्त रविवारी."

"रविवारीच इतकी मळते?"

"मळवतो," तो शांतपणे म्हणाला.

लीला आत वळली. फळ्यावर काय लिहायचं होतं ते तिला क्षणभर आठवेना. पारू वहीत मान घालून हसत होती.

त्या वर्षी लीलानं एका शास्त्रीय मासिकात वाचलं, की कानपूरच्या अभियांत्रिकी संस्थेत खोलीएवढं गणितयंत्र आलं आहे. तिनं ते पारूला सांगितलं. पारूला दुसरं काही सुचेनासं झालं. "बाई, ते यंत्र चुकलं तर कुनाला कळतं? आन कसं कळतं?" लीलाला उत्तर देता येईना. आपल्या विद्यार्थिनीला उत्तर देता न येणं तिला फार आवडलं. मग तिनं पारूला पुणं आणि कानपूर, दोन्हीकडच्या प्रवेशाची तयारी करायला लावलं.

चौसष्ट सालच्या जुलैत दोन्हीकडून होकार आला. पुण्यात वीज-अभियांत्रिकी आणि राहायला मावशीचं घर. कानपूरला तीच शाखा, आणि ते यंत्र.

त्या रविवारी मुळशीकडून धुकं खाली उतरलं होतं. समोरची टेकडी दिसत नव्हती. पारू आत होती. जयसिंग ओट्यावर बसला होता, पण चेनीला त्यानं हात लावला नव्हता.

"वहिनी पारूला कानपूरला सोडायला तयार हाय. पन मी संगं गेलो तरच. तितं बी आमच्यासारखा कारखाना हाय. साहेब म्हनले, बदली देतो."

"किती वर्षांसाठी?"

"तिचं हुईस्तवर. पाच." तो धुक्याकडे बघत होता. "पाच वर्सं हितं कोन कुनासाठी थांबतंय…"

पत्र्याच्या कडेवरून पाण्याचा एकेक थेंब गळत होता.

"घरात सगळ्यांनी तुमच्यावर सोडलंय," तो म्हणाला. "सांगा. पुणं की कानपूर?"

पुणं म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. तिथलं शिक्षण चांगलंच होतं. पोरगी आईच्या जवळ राहिली असती. आणि रविवारी ही सायकल अशीच ओट्याला टेकली असती… तिला हे सगळं एकदम दिसलं आणि म्हणूनच पुण्याचं नाव तिच्या तोंडून निघेना.

"कानपूर," ती म्हणाली.

"एकदा आनखी इचार करा."

"केला आहे."

"पुणं वाईट हाय?"

"वाईट नाही. पण तुम्ही मला पारूसाठी विचारलंत."

तो उठला. "व्हय," म्हणाला. "तिच्यासाठीच इचारलं."

"चहा ठेवू?"

"नगं. धुकं वाढायच्या आत निघतो."

गाडी पुण्याहून दुपारची होती. रंभाबाई गावीच निरोप देऊन डोळे पुसत थांबली होती. स्टेशनवर एकटी लीला आली. जयसिंग सुरई भरायला गेला, तेव्हा पारू खिडकीच्या गजांशी वाकली.

"बाई, एक सांगू? रागवू नका."

"सांग."

"त्या दिशी परतताना काका मला म्हनला, बाईंना परमुलूख सोसंल का गं? मी म्हनलं, थांब, मी इचारते. तर माझ्यावरच चिडला. म्हनला, बाईंनी इचार करून सांगितलंय, त्यांना आनखी तरास द्यायचा न्हाई."

लीलानं खिडकीचा गज धरला. तो उन्हानं तापला होता.

जयसिंग ओली सुरई घेऊन परत आला. "गर्दी लई हाय नळावर," म्हणाला. पारूनं तोंड आत घेतलं आणि ती वळकटी आवरू लागली. ती आधीच आवरलेली होती.

"तुमी आता रविवारी काय करनार?"

"वह्या तपासीन."

"मग पोरं लई नापास व्हनार."

लीला हसली. इंजिन अजून पाणी घेत होतं. सिग्नल पडला नव्हता. सोसेल, असं म्हणायचं होतं. एकच शब्द होता, सोपा, आणि तो खरा आहे याची तिला पूर्ण खात्री होती.

"तिकडे थंडी फार असते," ती म्हणाली. "पारूला गरम कपडे घ्या."

"आन मला?"

त्यानं ते हलकंच विचारलं. डोळे मात्र हलले नाहीत.

"तुम्हालाही," ती म्हणाली.

तो थांबला. त्या शब्दापुढे आणखी काही आहे का, याची वाट बघावी तसा. मग मान हलवून म्हणाला, "बरं, बाई. येतो."

डब्याच्या दारात तो पुन्हा दिसला. गाडी हलली तेव्हा पारूनं हात हलवला, त्यानं नाही. तो नुसता बघत राहिला.

पुढे पारूची पत्रं आली, मग तिची नोकरी लागली. काकाचं लग्न तिकडच्याच एका मराठी कुटुंबात झालं, हेही पारूनंच कळवलं. लीलानं अभिनंदनाचं पत्र वेळेवर पाठवलं. लोक अशा वेळी म्हणतात की वेळच मिळाला नाही. लीलाला ते कधी म्हणता आलं नाही. फलाटावर वेळ भरपूर होता.