नुसतं पान

श्रावणातली रिमझिम चालली होती. मुळशी धरणावरची होडी सुटायला आली होती. मी पदरानं डावा गाल झाकून कडेला बसले. मुंबईच्या दवाखान्यातून तपासणी करून परत येत होते. होडीवाला नवा होता, कुशाबा नावाचा. त्यानं भाजलेलं कणीस मोडून अर्धं माझ्यापुढं धरलं. मी मान फिरवली.

"लई मोठ्या घरच्या दिसताय," तो म्हणाला.

"मोठ्या घरची न्हाई. तोंड उघडत न्हाई माझं," मी दातांतूनच बोलले.

तो ओशाळला. वल्हं मांडीखाली दाबून त्यानं दाणे सोलले, माझ्या तळहातावर ठेवले. "एकेक तर जाईल?"

गेला... गोड होता. त्याच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं.

लहानपणापासून मी दातांना तंबाखूची मिश्री लावायची. गालाच्या आत जखम झाली, ती कर्करोगाची निघाली. मुंबईला विजेचे शेक दिले. रोग गेला, पण जबडा आखडला. दातांमधून करंगळी जेमतेम जायची. डॉक्टरांनी लाकडाच्या पातळ पट्ट्या दिल्या होत्या. त्या दातांत एकावर एक सरकवून जबडा ताणायचा. ठरलेली सोयरीक मोडली होती. आई म्हणायची, साळू, जिवंत आहेस हेच पुष्कळ. मला ते पुष्कळ वाटत नव्हतं.

मग पलीकडच्या काठावर माझी कामं निघू लागली. कधी मीठ संपायचं, कधी मावशीची आठवण यायची. कुशाबाची होडीही लांबच्या वळणानं जायला लागली.

"पट्ट्या लावल्यास का?" तो विचारायचा.

"दुखतं."

"मग मला शिव्या दे. शिव्या देताना तोंड मोठं उघडतं."

मी दिल्या, मनापासून. तो इतका हसला की होडी डुलली.

भात कापणीला आलं, तेव्हा त्यानं लग्नाचं विचारलं. मी लपवलं नाही. रोग पुन्हा उठू शकतो, असं स्पष्ट सांगितलं. त्यानं वल्हं आत ओढून घेतलं.

"उठला तर दोघं मुंबईला जाऊ," तो म्हणाला.

"लोक म्हणतील, बायकोचं तोंड धड न्हाई —"

"त्यांचं धड हाय ना? बोलू दे त्यांना."

त्याची आई, गोजराबाई, कुरकुरत कबूल झाली. पण हळदीच्या दिवशी तिचा निरोप आला. लग्नानंतर विडा तोडायचा असतो. नवरीनं दातांत विडा धरायचा आणि नवऱ्यानं तो दातांनी तोडायचा. सगळा गाव बघायला जमतो. गावापुढं शोभा नको, तुझी चुलत बहीण रंभा तुझ्याऐवजी विडा धरील, तू पदर घेऊन मागं बस, असं तिनं कळवलं होतं. घरातल्या बायकांनाही ते पटलं. मला नाही पटलं.

"मग लगीनबी रंभाशीच लावा," मी उलटा निरोप पाठवला.

लग्न लागलं. विड्याची वेळ आली, तशी गोजराबाईनं रंभाला खूण केली. मी उठले आणि पदर खाली ओढला. वाळलेला, काळवंडलेला गाल सगळ्यांना दिसला.

"मला कर्करोग झाला होता," मी म्हणाले. "तोंड एवढंच उघडतं. ज्यांना बघायचंय त्यांनी आत्ताच बघून घ्या, मग जेवायला बसा."

सुपारी भरलेला जाड विडा माझ्या दातांत मावणार नव्हता. मी तो उलगडला; सुपारी, कात, चुना, सगळं बाजूला सारलं. नुसत्या पानाची बारीक सुरळी केली, दातांत सरकवली आणि कुशाबाकडं बघितलं. गालाला कळ गेली, तरी मी मान हलवली नाही.

तो वाकला. त्याच्या श्वासाला नव्या भाताचा वास होता. इतक्या जवळून त्याचे डोळे मी प्रथमच बघत होते — ते भरले होते. मला दुखू नये म्हणून त्यानं पानाचं नुसतं टोक तोडलं, नखाएवढं.

कुणीच हसेना. रंभानं मान खाली घातली होती.

गोजराबाई पुढं आली. तिनं ताटातलं दुसरं पान उचललं, त्याचं देठ खुडलं आणि स्वतःच्या हातानं बारीक सुरळी करून माझ्यापुढं धरली.

"ह्याला विडाबी तोडता येईना," ती लेकाला म्हणाली. "धर गं साळू, पुन्हा. आन् तू रं, नीट जवळ जा."

तो नीट जवळ आला.