नव्या जिल्ह्यापायी गेलेला दात

खरं प्रेम हाडात रुजतं, आणि एकदा रुजलं की जन्मभर हलत नाही. देवणीतल्या दातांच्या डॉक्टर पंचशीलाला हे मान्य नव्हतं. हाडात रुजलेलं तंबाखूनं हलतं, घाणीनं हलतं आणि धीर नसला तर हमखास हलतं, असं तिचं शिक्षण सांगत होतं.

मन्मथ तिच्या दवाखान्यात आला तो वरचा पुढचा दात खिशात घालूनच. पाट्या रंगवणारा माणूस. उदगीर जिल्हा होणार अशी आवई उठली, तेव्हा एका उतावीळ पुढाऱ्यानं पाटी आधीच त्याला रंगवायला दिली. ‘जि. उदगीर’मधला शेवटचा ‘र’ काढताना शिडी घसरली. जिल्हा काही झाला नाही. दात मात्र गेला.

“हसा बरं,” पंचशीला म्हणाली.

“डॉक्टर... ह्या दुष्काळात?”

पण तो हसला, आणि पंचशीलाला उगाच हातमोजे नीट करावेसे वाटले.

त्या साली लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं आणि देवणीत टँकर आठवड्यानं. चूळ भरायचं पाणी पेशंटनं घरून आणायचं, असा दवाखान्याचा नियमच होता.

तिनं त्याच्या हाडात इम्प्लांटचा स्क्रू बसवला. “हाडानं ह्याला आपलं म्हणायला चार महिने लागतात. मग वर दात. तोवर गुटखा बंद, तंबाखू बंद, रोज ब्रश. हं, चूळ थुंका.”

त्यानं ती गिळली. “आठ दिसानं आलेलं पाणी थुंकू व्हय?”

महिन्यानं बोलावलं तर तो पंधरवड्यानंच यायचा.

“दात पक्का बसला की तुमाला एक विचारायचंय.”

“आत्ता विचारा की!”

“फटीतून? शोभत न्हाई, डॉक्टर.”

ती उरलेले दिवस मोजू लागली...

चौथ्या महिन्यात तिनं स्क्रूला हलकेच टोचून पाहिलं. हलला. भोवतीची हिरडी सुजलेली, एक्स-रेत हाड खचलेलं.

“तंबाखू खाल्लीत.”

“आईची आन, न्हाई!”

“मग दात कशानं घासता?”

“मिशरीनं. ब्रशला पाणी लागतंय. माझ्या वाट्याचं पाणी आईला ठिवतो. ती आंथरुणाला खिळलीय.”

“मन्मथराव... मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच.”

“पर ती कुठं खायची असती? लावायची असती!”

पंचशीलाला हसू आलं नाही. तिनं मुकाट्यानं स्क्रू काढला, जखमेवर कापूस दाबला.

“म्हंजे विचारायचं ऱ्हायलंच,” तो कापसाआडून म्हणाला.

“हाड भरायला पुन्हा महिने जातील. तेवढं मी थांबत नाही. मीच विचारते.” तिनं हातमोजे काढले. “मी कंधारच्या बौद्धवाड्यातली. तुमची आई लिंगायत, गळ्यात लिंग बांधणारी. आपण लग्न केलं, तर त्यांना माझ्या हातचं पाणी चालेल?”

मन्मथनं खिडकीकडं मान वळवली. बाहेर रिकाम्या घागरींची रांग टँकरची वाट पाहत होती. मग त्यानं आपली मोकळी बाटली तिच्यापुढं धरली.

“माझं तर व्हयच हाय. आईचं घरी गेल्यावर कळंल. तुमच्या माठातलं भरून द्या... तुमच्या हातानं. कुणाच्या हातचं, ते सांगूनच पाजीन.”

तिनं बाटली भरली. झाकण लावायला घेतलं.

“अन् डॉक्टर...” तो हळूच म्हणाला.

“काय?”

“झाकण जरा घट्ट लावा. लई गळतंय.”