गोरक्षनं बंद केलेला हीटर

मोबाईल खाली ठेवा आधी, आणि ते लाकूड शेकोटीत जरा पुढं सरकवा. ही गोष्ट शेवगावच्या गोरक्ष मिस्त्रीची. पाथर्डी रस्त्याला त्याचं गॅरेज आहे, खोटं वाटत असेल तर उद्या जाऊन विचारा. सांगणार नाही तो, उठून आत जाईल. पण असं काही झालंच नाही, असंही म्हणणार नाही.

दोन हजार चोवीस साल, दहा जानेवारी, बुधवार. दुपारी वैजनाथ नावाचा शेतकरी आपली गाडी घेऊन आला. गाडी जुनी, दोन महिन्यांपूर्वीच एजंटाकडून घेतलेली. तक्रार काय, तर हीटर लावला की गार वारा येतो.

गोरक्षला हसूच आलं. "अण्णा, शेवगावात हीटर? चैतात काच खाली करा, गरम वारा फुकाट मिळतुया."

"हसू नगंस," वैजनाथ म्हणाला. "माजी लेक जया सातव्या म्हैन्यात बाळंत झाली. नात दीड म्हैना नगरला काचंच्या पेटीत हाय. उद्या सकाळी सोडनार हायेत. डाक्टरनं बजावलंय, वाटंत गार लागता कामा न्हाई. पावनेदोन किलोचा जीव हाय रं."

गोरक्षचं हसू मावळलं. "पहाटे पाचला गाडी न्या, अण्णा. तयार असंल."

वैजनाथ गावातच मेहुण्याकडं मुक्कामाला गेला. गोरक्षनं बॉनेट उघडलं. कूलंट भरलेलं होतं. इंजिन तापलं तसा काटा मधोमध आला, म्हणजे थर्मोस्टॅट ठीक. मग इंजिनचं गरम पाणी हीटरच्या कॉइलकडं नेणारे दोन पाईप चाचपायला त्यानं मागं हात घातला, आणि हात तिथंच थबकला. पाईप कॉइलला लावलेलेच नव्हते. दोन्ही एकमेकांना जोडून टाकलेले, वरून लाल टेप. ती टेप आणि क्लिपचं टोक आत वळवायची ती खोड गोरक्षनं लगेच ओळखली. काम त्याचंच होतं.

आपल्याकडचे मिस्त्री हेच करतात, बरं का. कॉइल गळायला लागली तर नवी कोण बसवतो? दोन पाईप जोडायचे आणि मोकळं व्हायचं. गोरक्षनं अशा कैक गाड्या केल्या असतील. पण ही गाडी कुठली, ते आता त्याला लख्ख आठवलं. चार वर्षांपूर्वी ती एका ऊसतोड मुकादमाची होती. पाईप जोडल्यावर महिन्याभरानं, अशाच थंडीत, उसाच्या फडावर सत्यशीला नावाची बाई अडली आणि पाचटाच्या झोपडीत, कोपीतच बाळंत झाली. मुकादमानं मायलेकरांना याच गाडीत घालून नगरला पळवलं. हीटर लावला तर गार वारा आला. बाळ वाटेतच गेलं, बाई आठ दिवसांनी तापानं गेली. गोरक्षनं हे चहाच्या टपरीवर ऐकलं होतं. ऐकून गप घरी आला. बायकोलाही बोलला नाही. तेव्हापासून ते त्याला आतून खात होतं.

त्यानं नगरहून नवी कॉइल मागवली, ती संध्याकाळच्या एसटीनं आली. डॅशबोर्ड खोलून ती बसवेपर्यंत रात्रीचे साडेअकरा झाले. आठनंतर अमावस्या लागली होती, रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. गोरक्षनं पाईप लावले, कूलंट भरलं, आतली हवा काढली. गाडी शटरबाहेर आणून चालू ठेवली. काटा वर आला. दोन्ही पाईप हाताला चटका देत होते. झालं काम, असं म्हणत तो आत बसला, दार ओढून घेतलं आणि ब्लोअर फिरवला.

गार वारा.

उतरून त्यानं हवेची झडप पाहिली. नीट उघडत होती. कॉइलही तापलेली. पुन्हा आत बसला. वारा गारच... आणि आता ओलसर. त्याच्या तोंडातून वाफ निघायला लागली. काचा आतून धुरकटल्या.

आणि मागून आवाज आला.

"दादा... हीटर लावा की."

त्यानं मान वळवली नाही. आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी.

"दादा... लेकरू गार पडलंय..."

त्यानं दार ढकललं. उघडेना. बोटं बधिर. काच फोडून पळता आलं असतं. पण पाचला हीच गाडी त्या नातीला आणायला जाणार होती.

"ताई," तो कसाबसा बोलला. "पाईप म्याच बंद केलं. मला समदं ठावं हुतं. कुनाला बोल्लो न्हाई. चूक माजी हाय, ताई... माजं काय करायचं ते करा. त्या पोरीला गार लागू दिऊ नका."



नुसती ब्लोअरची घरघर...

मागची सीट करकरली. कुणीतरी पुढं वाकलं. मानेवर श्वास आला. गार. तो डोळे मिटून बसला.

मग तोंडावर ऊब आली. जाळीतून गरम वारा येत होता, आणि त्याला ओव्याच्या धुरीचा वास होता, बाळंतिणीच्या खोलीत असतो तो. गोरक्ष स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला.

पाचला वैजनाथ आला, तेव्हा गोरक्ष म्हणाला, "म्या बी येतो." नगरहून येताना सारा रस्ता तो हीटरच्या जाळीवर हात धरून बसला. ऊब क्षणभर हटली नाही. मागं जया होती, शेजारी तिची आई रतनबाई. नर्सनं पोरीला पुसून, मोजे घालून, तीन दुपट्यांत गुंडाळून दिलं होतं. जयानं तिला उराशी धरलं ते घर येईपर्यंत सोडलं नाही.

घरी बाजेवर ठेवून जयानं दुपटी सोडली. पोर चांगली उबदार होती, हातपाय हलवत होती. जयानं मोजे काढले आणि आईला हाक मारली. "आये, तीट कवा लावलीस गं?"

"म्या न्हाई," रतनबाई म्हणाली. "काजळाची डबी आजून आनलीच न्हाई घरात."

गोरक्ष वाकून पाहायला लागला. पोरीच्या डाव्या तळपायावर काळी तीट होती. डबीतलं काजळ नव्हतं ते. चुलीवरच्या तव्याची काजळी होती, कोपीतल्या बाया लावतात तशी, बोटानं टेकवलेली... आणि अजून ओली.