टेबलाखालचा पाचवा तुकडा

थंडीने त्या आठवड्यात कहर केला होता. शाळा बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि लेक सकाळी आठच्या ठोक्याला दोन्ही पोरींना घेऊन दारात उभी. मास्तर तेव्हा खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबत होते. जन्मभर शिवणकाम केलं म्हणून अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. फटीत वर्तमानपत्र कोंबणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. तिथेही त्यांना चांगलं ऊबदार फलालीन कापड लागायचं.

"बाबा, आठवडाभर बघू," लेक म्हणाली. "तुम्हाला एकट्याला जमलं तर ठीक. पण पोरींना साधा ओरखडा जरी दिसला ना, तर या घराला कुलूप आणि तुम्ही आमच्याकडे. मग हट्ट चालायचा नाही."

"अगं, तुला नाही वाढवलं?"

"मला आईने वाढवलं. तुम्ही शिवत होतात."

तिची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. हे घर, हे मशीन आणि खिडकीजवळचं हे कापायचं लांबलचक टेबल सोडून दुसरीकडे राहायची मास्तरांची मुळीच तयारी नव्हती. तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि कंबर कसली.

दुपारपर्यंत त्यांच्या पोतडीतले खेळ संपले. बटणांच्या शर्यती झाल्या. रिळांचे मनोरे रचून पाडले. भिंतीवर सावल्यांचे ससे नाचवले. नऊ वर्षांची मोठी आता जांभया द्यायला लागली, तर पाच वर्षांच्या छोटीने "घरी जायचंय"चा सूर लावला. मग मास्तरांनी ठेवणीतला खेळ बाहेर काढला. तो मुळात त्यांच्या बायकोने लेकीसाठी शोधून काढला होता.

कापायच्या टेबलावरून चारी बाजूंनी जाड चादरी सोडायच्या. खाली मिट्ट काळोख. पोरींनी आत बसायचं आणि मास्तरांनी स्टुलावरच्या आपल्या उशीवर बसून चादरीच्या फटीतून कापडाचा एकेक तुकडा आत सरकवायचा. नुसत्या स्पर्शाने कापड ओळखायचं. ओळखलं तर तुकडा आपला, चुकलं तर परत बाहेर. ज्याचे पाच जमले त्याने बाहेर स्टुलावर यायचं आणि स्टुलावरच्याने आत जायचं.

पोरी रमल्या. मखमलीला "मांजर" म्हणणं चालेल का, यावर कडाक्याचं भांडणसुद्धा झालं. शेगडीची ऊब, चादरीआडून येणारं खिदळणं... मास्तरांना फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा चार वाजताच अंधारून आलं होतं. चादरीआड शांत होतं. पोरी कंटाळल्या वाटतं, म्हणून त्यांनी घाईघाईने एक तुकडा आत सरकवला. आतून तो अलगद ओढला गेला.

"सॅटिन..." हलकेच आवाज आला.

"शाब्बास!" त्यांनी दुसरा दिला.

"कॉर्डुरॉय..."

छोटीचा घसा बसलाय की काय? लेक आता काय म्हणेल, या धास्तीने त्यांनी तिसरा दिला, चौथा दिला. दोन्ही बरोबर. चौथा होता जुन्या काळच्या पॉपलिनचा. तो ओळखायला आत जरासाही वेळ लागला नाही. आणि मग त्यांना वास आला, मशीनच्या तेलाचा आणि लवंगेचा. दातदुखीने बेजार झालेली त्यांची बायको काज-बटण करताना दाढेखाली लवंग धरून बसायची.

"आजोबा, कुणाशी खेळताय?"

मागून आवाज आला. दोघी पोरी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात बिस्किटांचा डबा, तोंडं भरलेली.

मास्तर हलले नाहीत. फटीतून काहीतरी बाहेर येत होतं. आधी लोखंडी मूठ आली, मग पाती. त्यांची मोठी कात्री! वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांनी ती सकाळी टेबलाखालच्या चिंध्यांच्या टोपलीत टाकली होती आणि त्याच टोपलीशेजारी, अंधारात, पोरींना बसवलं होतं.

कात्री मूठ पुढे करून दिली जात होती. पाती स्वतःच्या मुठीत धरून कात्री देणारं एकच माणूस या घरात होतं. त्यांनी ती घेतली. घेताना एका बोटाचा स्पर्श झाला. बर्फासारखं गार बोट, टोकाला सुईने टोचून टोचून खरखरीत झालेलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी चादर वर केली. आत कुणी नव्हतं. चार तुकडे होते, कडा आत दुमडून घडी घातलेले.

संध्याकाळी लेकीने पोरींचे हात, गुडघे, कपाळं तपासली. "एक ओरखडा नाही! बाबा, तुम्ही तर कमाल केलीत. उद्याही सोडते." मास्तर हसले, पण स्टुलावरून उठले नाहीत.

सकाळी पोरी यायच्या आधी त्यांनी कापडांची पेटी उघडली. पहिल्यांदा हात गेला तो निळ्या लोकरीवर. बायकोच्या कोटातला उरलेला तुकडा. हा पाचवा तुकडा तिने झोपेतसुद्धा ओळखला असता, आणि मग खेळाच्या नियमाने त्यांना आत जावं लागलं असतं. मास्तरांनी तो गालाला लावला. तिची आठवण येत नाही असा दिवस नव्हता. पण छोटीला सुईत दोरा ओवायला शिकवायचं होतं, मोठीला झगा शिवून द्यायचा होता. त्यांनी लोकर तळाशी ठेवली आणि एक नवंच कापड काढलं. गेल्या महिन्यात गिऱ्हाइकाच्या जाकिटातून उरलेलं. ती गेल्यानंतर बाजारात आलेलं.

स्टुलावरची उशी कुठे सापडेना. ते तसेच बसले.

पोरी आल्या, चादरीआड शिरल्या. दोन-तीन तुकडे झाल्यावर मास्तरांनी ते नवं कापड आत सरकवलं. बराच वेळ कुणीतरी कापड चोळत राहिलं. मग तो तुकडा हळूच बाहेर आला, कडा आत दुमडलेला.

"हरलीस!" मास्तर मोठ्याने हसले. कित्येक महिन्यांत ते असे हसले नव्हते.

आत कुजबुज झाली. मग छोटी म्हणाली, "आजोबा, ती म्हणते, काही घाई नाही."

"बरं, बरं..."

"तुमची उशी तिने आत घेतलीय. म्हणते, जागा धरून ठेवलीय."