बारशाची पट्टी

फैजपुरात आता कुणी लंगडत नव्हतं. केळीचा घड खांद्यावर घेऊन बांध ओलांडणारा मजूर असो की जिना उतरणारी ऐंशीची म्हातारी, पाऊल जिथं पडायला हवं तिथंच पडायचं. ठेच म्हणजे काय हे शाळेत पोरांना समजावून सांगावं लागे. वळणपट्टी आली त्याला अकरा वर्षं झाली होती.

पट्टी कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ. ती कण्यावर, मनगटांवर आणि घोट्यांवर चिकटवायची. मेंदूकडून हातापायांकडे निरोप निघाला की ती तो वाटेतच वाचायची, आणि हालचाल चुकणार असं दिसलं की स्नायूला विजेचा बारीकसा चिमटा काढून ती चूक होण्याआधीच सुधारायची. माणसाला पत्ताही लागत नसे. गुडघे झिजायचे थांबले, कंबरा धरायच्या थांबल्या. गावातल्या हाडवैद्यानं पाटी उतरवली आणि तिथं कुल्फीचं दुकान टाकलं. ते चांगलं चाललं.

द्वारकाबाई भारंबे अडुसष्ट वर्षांची. चौथीत शाळा सुटलेली, पण अकरा माणसांच्या घरात शेवटचा शब्द तिचाच. आजूबाजूच्या गावांत तिचं नाव होतं ते मांड्यांसाठी. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत परातीएवढा करायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. चाळीस वर्षांत तिचा एक मांडा फाटला नव्हता, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे. गुडघ्यासाठी म्हणून सात वर्षांपूर्वी तिनं पट्टी लावली. मांडे तसेच होत राहिले. फक्त आपण ते करतो आहोत असं वाटायचं बंद झालं, आणि तेही तिच्या ध्यानात आलं नाही.

ध्यानात आलं ते पणती झाली तेव्हा. नातसून तेजल दवाखान्यातून घरी आली आणि तिनं तीन दिवसांचं बाळ द्वारकाबाईच्या हातात दिलं. सगळ्या बाया बघत होत्या. द्वारकाबाई वाट पाहत राहिली. काही झालं नाही. तांब्या धरावा तशी पोर हातात होती. तांब्या निदान थंड तरी लागतो.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. बहिणीच्या मुलीला, हर्षालीला, फोन लावला आणि म्हणाली, "बारशाला येशीनच, तर आठ दिवस आधी ये. काम आहे."

डॉ. हर्षाली झोपे पुण्याच्या ज्या प्रयोगशाळेत होती तिथंच पट्टी जन्माला आली होती. ती दुसऱ्याच दिवशी आली. मावशीला तिनं खाटेवर बसवलं.

"मावशी, डोळे मीट. तुझा डावा हात कुठं आहे सांग."

द्वारकाबाईनं डोळे घट्ट मिटले. "असंन इथंच. मले सोडून जाईन कुठं तो?"

हर्षाली हसली नाही. "आता स्वतःला गुदगुल्या कर."

"या वयात?"

"करून बघ. होत नाहीत ना? दुसऱ्यानं केल्या की होतात. कारण आपण हललो की मेंदू आधीच अंदाज बांधून ठेवतो, आता काय जाणवणार याचा. मग अंगाकडून खबर येते. दोन्ही जुळलं तर मेंदू ती खबर शिळी म्हणून टाकून देतो. जुळलं नाही तर जेवढा फरक, तेवढं आपल्याला जाणवतं. आम्ही त्याला फरकखबर म्हणतो. पाय किंचित वाकडा पडतो, हात जरा जास्त उचलला जातो, त्यातूनच आपलं अंग आपल्याला कळत असतं."

"आन् पट्टी फरकच पडू देत नाही."

हर्षालीनं मावशीकडं पाहिलं. "हे समजायला आम्हाला नऊ वर्षं लागली."

"तुम्ही शिकेल लोकं. येळ लागनारच." द्वारकाबाई म्हणाली. "तुझे काका गेले तवा मी रडले नाही. तीन वर्सं झाले. सारं गाव म्हने, बाई मोठी धीराची. मी बी तेच समजत होते."

"रडू छातीतून येतं, मावशी. श्वास अडखळावा लागतो. पट्टी श्वाससुद्धा सरळ ठेवते."

"ठाऊक होतं तर सांगितलं काबरं नाही?"

"सांगितलं. पण कुणाला दुखत नाही ना. दुखत नाही तो तक्रार करत नाही."

"तुह्या बी मनगटावर आहे की."

हर्षालीनं मनगटाकडं पाहिलं, दुसऱ्याचं असावं तसं. "हो," ती म्हणाली.

उपाय साधा होता. रोज सकाळी तासभर पट्टी काढायची आणि धाब्यावर, घराच्या सपाट छतावर, जाऊन हळूहळू हलायचं. हात जाईल तितका वर, मान वळेल तितकी, उभ्याउभ्या थोडं डोलायचं. मोजायचं नाही, आरशात बघायचं नाही. मुख्य म्हणजे नीट करायचं नाही.

हे शेवटचं द्वारकाबाईला जमेना. पहिल्या दिवशी कठड्याला धरून उभी राहिली आणि दात आवळून असा हात उचलला की जणू परीक्षक समोर बसलेत.

"मावशी, तू चुकतेस तेसुद्धा अगदी नीट चुकतेस."

"मंग काय आता फाटका मांडा टाकाले शिकू?"

"हो. तेच शीक."

चौथ्या दिवशी टाचेखाली फरशीची खरखर लागली. ती तिथंच टाच घासत उभी राहिली. पाचव्या दिवशी डावा खांदा सापडला, जड आणि उजव्यापेक्षा जरा खाली. सहाव्या दिवशी गुडघा दुखायला लागला. न बोलावता आलेल्या पाहुण्याकडं बघावं तसं तिनं गुडघ्याकडं पाहिलं, पण त्याला घालवला नाही. सातव्या दिवशी हात सैल सोडून ती डोलत होती, कुठं जायचं नव्हतं, काही जिंकायचं नव्हतं, आणि मध्येच श्वास अडखळला. ती पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसली आणि नवऱ्यासाठी रडली. तीन वर्षं उशिरा, पण मोठ्यानं. आवाज ऐकून सून पाणी घेऊन वर आली. "आत्याबाई, पट्टी निघाली का?" तिनं विचारलं आणि पेला ठेवून खाली गेली.

रडून झाल्यावर द्वारकाबाईला बरं वाटलं. दुखणं होतंच, पण त्याच्या आजूबाजूला सगळं अंग होतं, तिचं स्वतःचं. त्या दिवसापासून तिनं पट्टी परत लावलीच नाही. हात थरथरायला लागले. ती ते लपवत नसे.

बाराव्या दिवशी बारसं. पूर्वी या दिवशी बाळाच्या कमरेला करगोटा बांधत. आता पट्टी लावत, आणि ती घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईनं लावायची. प्रल्हादनं, तिच्या लेकानं, थाळीत पट्टी आणून समोर धरली.

"मी नाही लावनार," द्वारकाबाई म्हणाली.

भांडण होणार हे धरून तिनं सकाळपासून उत्तरं तयार ठेवली होती. पण प्रल्हाद "बरं" म्हणाला, आणि तेजल म्हणाली, "आजी, मग मी लावते." आवाज चढला नाही, कपाळावर आठी पडली नाही. भांडायलाही समोरचं माणूस तापावं लागतं.

"तेजल, तिले पडू दे बाई. ठेचाळू दे."

"पण कशासाठी?" तेजलनं विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं.

"तू तिले पोटाशी धरते तवा तुले काय वाटते?"

तेजलनं प्रामाणिकपणे विचार केला. "ती सुखरूप आहे असं दिसतं," ती म्हणाली.

तिनं बाळाला पालथं करून कण्यावर पट्टी चिकटवली, मग इवल्या मनगटांवर आणि घोट्यांवर. तोवर पोर पाय झाडत होती, एक इकडं, एक तिकडं. मूठ स्वतःच्याच नाकावर आपटून दचकत होती. आता दोन्ही पाय सारखे हलू लागले, एका लयीत. मूठ नाकाजवळ आली आणि वळसा घालून बाजूला गेली. पोरीचे डोळे उघडे होते, शांत.

"किती गुणाची आहे," बाया म्हणाल्या.

मग बाळाला पाळण्याच्या खालून आणि वरून एकीच्या हातून दुसरीच्या हातात द्यायची वेळ आली. बाया दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. पोर या हातांतून त्या हातांत जात राहिली, हूं नाही की चूं नाही. शेवटी पाळण्याखालून ती द्वारकाबाईच्या हातात आली.

द्वारकाबाईचे हात थरथरत होते. पोरीला ते लागले तशी तिनं अंग आखडलं, बोटं पणजीच्या लुगड्यात रुतवली आणि गळा काढून रडली. द्वारकाबाईला तिचं वजन कळलं, ऊब कळली, छातीतली धडधड कळली.

"पट्टी तिच्या चुका सुधारते, तुझ्या नाही," हर्षाली शेजारून हळूच म्हणाली. "तुझा हात पुढच्या क्षणाला कुठं जाईल हे तिच्या मेंदूला सांगता येत नाही. म्हणून तेवढाच तिला कळतो, मावशी. या घरात तेवढाच."

तेजल पुढं झाली आणि तिनं पोर काढून घेतली. रडणं तिथल्या तिथं थांबलं.

"आजी, तुमच्याकडं त्रास होतो तिला," तेजल म्हणाली. "पट्टी लावल्याशिवाय आता घेऊ नका."

सगळ्यांना ते पटलं. वाईट कुणालाच वाटलं नाही. प्रल्हाद आतून दुसरी पट्टी घेऊन आला, नवी कोरी, त्याच थाळीत.

"माय, लाव. मग दिवसभर घे तिला, कुणी नाही म्हणणार नाही."

द्वारकाबाई दोन्ही हात पुढं धरून बसली होती, पोर काढून घेतली होती तशीच.

"थांब जरा," ती म्हणाली. "आजून हातात आहे ती."

प्रल्हाद थाळी घेऊन उभा राहिला. त्याचे पाय दुखत नव्हते. तो कितीही वेळ उभा राहू शकत होता.