डालड्याच्या डब्यातलं गवत

गवताचं नाव सांगायचं तर गवताला तुरा लागतो. नुसती पाती बघून नाव सांगणारा माणूस एक तर थापाड्या असतो, नाही तर आमचे विभागप्रमुख गुरुसिद्धप्पा. सोलापुरातल्या कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात, जिल्ह्यात गुरांना वैरणीची काडी मिळत नव्हती तेव्हा, मी होटगीच्या पुढच्या माळावर गवत शोधत हिंडत होतो. लोक हसायचे. हसू देत.

माळ भाजून निघाला होता. मुरूम, धोंडे, वाळकी कुसळं. आणि मधोमध एक हिरवंगार ठोंब. बुडख्यावरून कळत होतं की जात बारमाही आहे, वर्षानुवर्षं जगणारी. पण तुरा नव्हता. पात्यांच्या कडेला तांबूस लव होती, तशी मी कुठल्याच गवतावर बघितली नव्हती.

शेळ्या राखणारी गोजरबाई बाभळीखाली बसली होती. तिला विचारलं, "शेळ्या का खात नाहीत गं हे?"

"त्यास्नीच इचारा की. मी काय त्यांच्या पोटात शिरलीया? तुमी काय करणार हाय त्याचं?"

"नवी जात निघाली तर माझं नाव देणार."

"गवताला?" ती पदर तोंडाला लावून हसली. "पोरंबाळं न्हाईत व्हय तुमास्नी?"

मला राग आला, कारण बाईनं नेमकं दुखतं तिथं बोट ठेवलं होतं. नव्हती पोरंबाळं. आमचं घराणं माझ्यापाशी संपत होतं. लॅटिन शेपूट लावून का होईना, एखाद्या पुस्तकात 'हत्तुरे' उरला असता तर मला पुष्कळ होतं.

खुरपं लावलं न लावलं तोच ठोंब अलगद, मुळासकट हातात आलं. पातीनं बोट कापलं. मी ते चोखलं आणि बस गाठली.

घरी डालड्याच्या डब्यात माती भरून ते लावलं. बायको, सावित्रम्मा, कपाळाला हात लावून म्हणाली, "अय्यो देवा! नळाला थेंब नाही आणि हे जावईबापू घेऊन आलात!"

जावईबापूंना पाणी नकोच होतं. ओतलेलं पाणी मातीवर तसंच साचून राही, तरी पाती टवटवीत. गंमत म्हणजे ती उन्हाकडे वळत नव्हती, माझ्या खुर्चीकडे वळत होती. शास्त्राच्या माणसानं घाबरायचं नसतं, प्रयोग करायचा असतो. मी खुर्ची दाराशी नेली. गिरणीचा भोंगा व्हायच्या आत पाती दाराकडे. मोरीशी नेली, पाती मोरीकडे. मग खुर्चीत सावित्रम्माला बसवलं, तर ढिम्म!

"सवतच आणलीत की," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण त्यानंतर तिनं त्या डब्याजवळून केरसुणी फिरवली नाही.

गुरुसिद्धप्पा बघायला आले. शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊन त्यांनी ढेकर दिली. "कुसळीच आहे हो, हत्तुरे. तुरा नाही तर नाव नाही. आणि आलाच तर कळवा, दोघांच्या नावानं छापू."

दोघांच्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते गेल्यावर मी डब्यापुढं उकिडवा बसलो आणि, लाज सोडून सांगतो, गवताला विनवलं, "बाबा रे, एक तुरा दे. बदल्यात काय पाहिजे ते घे."

सकाळी बघतो तर ठोंब वाळून कोळ झालेलं. मी रडलो, बायकोसमोर, मोठ्यानं. नावाची एकच संधी होती, ती गेली. निदान मुळं तरी जपून ठेवावीत म्हणून डबा पालथा केला.

मुळं नव्हती.

माती चाळणीनं चाळली. एक तंतूसुद्धा नाही.

"आधी डोकं शांत करा बघू," म्हणत सावित्रम्मानं मला पाटावर बसवलं आणि टाळूवर तेल थापलं. तिची बोटं चोळत चोळत कानामागं आली आणि थांबली.

"काय गं?"

"हलू नका."

"अगं, काय ते सांगशील का?"

"तुरा आलाय," ती म्हणाली.

मी दोन आरसे धरून बघितलं. तांबूस, नाजूक, डौलदार तुरा. देवाशपथ सांगतो, भीती नंतर वाटली, आधी आनंदच झाला. जात नवीच होती. मला ठाऊक असलेल्या एकाही गवताशी जुळत नव्हती.

सावित्रम्मानं तो चिमटीत धरला आणि हलकेच ओढून बघितला.

"दुखलं?"

"नाही," मी म्हणालो.

कानामागं खरंच दुखलं नव्हतं. पायाचा अंगठा तेवढा आतून ओढला गेला.